इमारतीची खतावणी



ज्याची नोंद नाही त्याची बचत नाही, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु इमारतीच्या विजेस हा नियम आपण क्वचितच लावतो. महिन्याचे बिल एकूण आकडा सांगते. तो लिफ्टने वाढविला, पंपाने की वातानुकूलनाने, हे सांगत नाही. आपल्याकडील बहुतांश वीज आजही कोळशापासून होते. त्यामुळे व्यर्थ गेलेल्या प्रत्येक युनिटामागे कार्बन वायू हवेत मिसळतो.

ही खतावणी आता संगणक लिहू शकतो. न्यूयॉर्कची १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली उभी राहिली. २००९ मध्ये तिच्या नूतनीकरणाची योजना जाहीर झाली. तत्पूर्वी संगणकावर तिची प्रतिकृती करून साठाहून अधिक उपायांचा खर्च व लाभ ताडून पाहिला गेला आणि त्यांतील आठ निवडले गेले. ६,५१४ खिडक्यांच्या काचा टाकून न देता त्याच इमारतीत दुरुस्त करून पुन्हा बसविल्या. वातानुकूलनास डिजिटल नियंत्रण आले. भाडेकरूंना आपापला वापर पाहण्याची सोय झाली. ऊर्जेत सुमारे ३८ टक्के बचत अपेक्षित धरली होती. उष्णता आधीच अडविल्याने जुनी शीतयंत्रे बदलून मोठी घेण्याचा खर्चही टळला. प्रथम गरज कमी करावी, यंत्राचा विचार मागाहून करावा, हा यातील बोध होय.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली व इमारतींसाठीची संहिता २००७ साली आली. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

खरी अडचण मात्र यंत्राची नाही, व्यवहाराची आहे. सुधारणेचा खर्च मालकाने करावयाचा आणि बिलातील बचत भाडेकरूच्या पदरी पडावयाची. मग पुढाकार कोणी घ्यावा? पंप, लिफ्ट व जिन्यातील दिवे यांना स्वतंत्र मीटर बसवावेत, आकडे दरमहा सर्वांसमोर ठेवावेत आणि बचतीचा वाटा उभयतांनी आधीच ठरवावा. आकडे वाचणारा जबाबदार माणूस नसेल, तर महागडे मीटरही भिंतीची शोभाच ठरेल.

नवे उपकरण घेण्यापूर्वी प्रत्येक सोसायटीने व बाजारपेठेने एक वर्षाचा असा हिशेब मांडावा, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.