पोच्या मळीतले ट्रफल



दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी इटलीत, बोलोन्याला भाचीकडे उतरलो होतो. सकाळी चहाच्या दुधासाठी फ्रिज उघडला आणि दचकून तिला हाक मारली, "अगं, रात्रभर गॅस चालू राहिला की काय?" ती हसतच सुटली. खालच्या कप्प्यातून तिनं काचेची बरणी काढली. आत कागदी रुमालात गुंडाळलेला लिंबाएवढा, वेडावाकडा, मातकट पिवळा गोळा होता. नवा बटाटा म्हणून कुणीही भाजीत चिरून टाकला असता. तो पांढरा ट्रफल होता. आयुष्य अळंब्यांच्या अभ्यासात गेलेला मीही फसलो, त्यात नवल नव्हतं. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये जो वास मिसळतात तो गंधकाच्या संयुगाचा असतो आणि या ट्रफलचा मुख्य वासही तसाच.

ट्रफल ही जमिनीच्या पोटात धरणारी अळंबी. छत्री उघडून बीजाणू वाऱ्यावर सोडायची सोय तिला नाही, म्हणून ती वास सोडते. त्या वासावर रानडुकरं, उंदीर येतात, उकरून खातात आणि बीजाणू पुढे नेतात. ती वाढते झाडाच्या मुळांशी व्यवहार करून. झाडानं साखर द्यायची, बुरशीनं पाणी आणि स्फुरद आणून द्यायचं. आपले शेतकरी दुकानातून मायकोरायझा आणतात, ती याच नात्यातली.

ट्रफल म्हटलं की लोक पीमाँतच्या आल्बा गावाच्या टेकड्यांची नावं घेतात. पण पांढऱ्या ट्रफलला ओल लागते, चुनखडीचा अंश असलेली भुसभुशीत माती लागते आणि ती पो नदीच्या सपाट खोऱ्यातही आहे. फेरारा जिल्ह्यातल्या सांत आगोस्तीनो गावाजवळ रेनो नदीच्या काठी पानफिलिया नावाचं रान आहे. पूर आला की पाणी आत शिरतं. आपल्याकडे कृष्णाकाठी जिला मळीची जमीन म्हणतात, तसलीच ती. झाडं ओक, पॉप्लर आणि विलोची. विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद.

या सखल भागात मुख्यतः चार जाती खाण्यात आहेत. पहिली पांढरी, शास्त्रीय नाव ट्युबर मॅग्नेटम, हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरी बियांकेत्तो, म्हणजे 'पांढुरकी'. ही समुद्राकडच्या पाइनच्या रानांत, राव्हेन्नाच्या बाजूला, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत निघते. दिसायला पांढरीची धाकटी बहीण, पण वासाला उग्र लसणी आणि किमतीला कितीतरी उतरती. गिऱ्हाईक फसतं ते इथेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी ताजा "पांढरा" ट्रफल पुढे केला, तर तो बियांकेत्तो समजा आणि त्याच भावानं घ्या. तिसरा स्कोर्झोने, उन्हाळी काळा, सालीवर पिरॅमिडसारखे खवले. तो सौम्य, थोडा हेझलनटच्या चवीचा. नवख्यानं त्याच्यापासून सुरुवात करावी, खिशाला झेपतो. चौथा, गुळगुळीत काळा, बाजारात फारसा भेटत नाही. मला विचाराल तर हा दुर्लक्षित गडी आहे. रंग काळा, पण वास थेट पांढऱ्याच्या वळणाचा.

हे शोधतं कोण? कुत्रा. इटलीच्या 1985च्या कायद्यानं प्रशिक्षित कुत्रा सक्तीचा आहे, परवाना लागतो, लहानशा कुदळीनं उकरायचं आणि खड्डा परत बुजवायचा. बुजवला नाही तर मुळांवरची बुरशी सुकते आणि पुढच्या वर्षी तिथं काही मिळत नाही. इथला खास कुत्रा म्हणजे लागोत्तो, दाट कुरळ्या केसांचा. मूळचा हा पाणथळीतला. कोमाक्योच्या खाजणांत शिकाऱ्यानं पाडलेली बदकं पोहत जाऊन आणायचा. पुढे दलदली उपसून तिथं शेती झाली, बदकं गेली आणि या कुत्र्याला नाकाच्या जोरावर नवी नोकरी मिळाली. मी पाहिलेली कुत्री पालापाचोळ्यात नाक खुपसून दोनदा पंजा मारायची आणि मालकाकडे बघत बसायची. बक्षीस काय, तर वाळक्या पावाचा तुकडा.

आता स्वयंपाकघरात येऊ. हिंगाला फोडणी लागते, पांढऱ्या ट्रफलला फोडणी दिलीत की तो संपला. वास उडून जातो आणि उरतो महागडा बटाटा. गरम भात, लोणी लावलेला पास्ता नाहीतर अर्धवट तळलेलं अंडं यांवर वरून पातळ चकत्या पाडायच्या. माणशी दहा ग्रॅम पुरे. धुऊन ठेवू नका. ऐनवेळी ब्रशनं माती काढा. कागद रोज बदला आणि आठवड्याच्या आत खाऊन टाका. तांदळात पुरून ठेवायची पद्धत सोडा, तांदूळ त्याची ओल शोषतो.

पुण्या-मुंबईच्या कॅफेत ट्रफल फ्राईज मिळतात, त्यांतला वास बहुतेकदा कारखान्यातल्या तेलाचा असतो. पांढऱ्या ट्रफलमधलंच एक संयुग प्रयोगशाळेत बनवून तेलात घालतात. ते खाल्ल्यानं काही बिघडत नाही, फक्त ट्रफलचे पैसे देऊ नका. बाटलीवर 'अरोमा' किंवा 'फ्लेव्हर' लिहिलंय का ते वाचा. काळ्या ट्रफलच्या डब्यावर 'ट्युबर इंडिकम' दिसलं तर तो चीनमधून येणारा स्वस्त, फिका माल. गंमत म्हणजे जातीला हे नाव मिळालं 1892 साली, आपल्याच हिमालयातल्या नमुन्यावरून.

आणि कुणी महाराष्ट्रात पांढऱ्या ट्रफलची रोपं विकायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. यजमान झाडं, थंड हिवाळा, चुनखडीची ओली माती हे सगळं जुळलं, तरी खुद्द इटलीत त्याची लागवड भरवशाची झालेली नाही. बस्तरच्या सालवनात मिळणारा बोडा वेगळा, तो ट्रफल नव्हे. पावसाळ्यात जमिनीतून निघणारा प्रत्येक गोळा बोडाही नसतो. काही विषारी असतात, त्यामुळे जाणकार सोबत असल्याशिवाय तोंडात घालू नका.

भाचीच्या त्या बरणीत ट्रफलशेजारी दोन अंडी होती. आधी वाटलं, जागा नसेल म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी ट्रफल संपला होता, तिनं त्यातलंच एक अंडं लोण्यावर फोडलं आणि घरभर पुन्हा तोच गॅसचा वास सुटला. कवच जिथल्या तिथं, पण वास आत उतरलेला.