विश्वाचं पहिलं पुस्तक घेताना



माझी भाची अकरावीला आहे. तिनं एकदा विचारलं, "मावशी, औंढ्याजवळ ते यंत्र बसणार आहे, ते नेमकं काय टिपणार?" औंढा नागनाथ आता हिंगोली जिल्ह्यात, पण १९९९पर्यंत ते आपल्या परभणीतच होतं. तिथं लायगो-इंडिया उभं राहतंय. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनातल्या नळ्या, आणि दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या. अशी लहर जगात पहिल्यांदा २०१५ साली सापडली.

एवढं सांगितलं, तर पोरीला सगळं विश्वच जाणून घ्यायचं झालं. मी हौसेनं पुस्तक आणलं. जाडजूड, इंग्रजी, विद्यापीठात शिकवतात तसलं. मोठं म्हणजे चांगलं, ही माझी समजूत. तिसऱ्या पानापासून नुसती समीकरणं. आठवड्यानं पोरगी म्हणाली, "मावशी, हे माझ्यासारखीचं काम नाही." पैसे गेले त्याचं काही नाही, पण ते वाक्य मला लागलं.

मग मी जरा शहाणी झाले. आपल्या जयंत नारळीकरांचंच बघा. त्यांचं 'इंट्रोडक्शन टू कॉस्मॉलॉजी' हे नावाला प्राथमिक, पण ते भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मोठ्या मुलांसाठी. त्यांचंच मराठीतलं 'आकाशाशी जडले नाते' मात्र तुमच्या-माझ्यासाठी. लेखक एकच. म्हणून नाव बघून घेऊ नका, प्रस्तावना वाचा. पुस्तक कुणासाठी लिहिलंय ते बहुधा तिथंच सांगितलेलं असतं.

एक मात्र मुलीला आधीच सांगून ठेवा. महास्फोटातून विश्व सुरू झालं, हे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नारळीकरांना ते पटलं नव्हतं. फ्रेड हॉएल यांच्याबरोबर त्यांनी वेगळा सिद्धांत मांडला आणि शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. मोठी माणसंही वाद घालतात, हे पोरींना कळलेलं बरंच.

दुसरं, विश्वाचं वय कोणतं छापलंय ते बघा. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षं धरतात. हजार ते दोन हजार कोटी असं मोघम लिहिलं असेल, तर पुस्तक जुनं. विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगानं होतंय, हे १९९८ साली कळलं. तेही त्यात नसणार. जुनं पुस्तक टाकू नका, पण पहिलं म्हणून देऊ नका.

आणि दुकानात उभ्या उभ्या प्रसरणाचं पान उघडा. उपमा दिलीय का? भोगीला आपण बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो. थापत जावं तसा प्रत्येक तीळ दुसऱ्यापासून लांब जातो. कुठल्याही तिळावर बसून बघा, बाकीचे लांबच पळताना दिसतील. दीर्घिकांचं तसंच. पण भाकरीला मध्य असतो, विश्वाला तसा मध्य नाही. उपमा कुठं संपते हेही जे पुस्तक सांगतं, ते खुशाल घ्या.

नवं पुस्तक भाचीनं दोनदा वाचलं. यंदा भोगीला भाकरी थापता थापता म्हणाली, "मावशी, मध्य नाही ते कळलं. पण मग कड कुठंय?"

म्हटलं, आधी ती भाकरी उलट, करपतीय.