प्रत्यारोपणानंतर घरी परतलेले बालक आणि आपले कर्तव्य
(कडोली येथील भाषण)



भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. वेल्लोर येथे १९८६ पासून थॅलेसेमियाच्या बालकांनाही हा उपचार मिळू लागला. आज कडोलीसारख्या गावातील बालकही असा उपचार घेऊन घरी परतू शकते. मात्र घरी परतल्यावर त्याच्या रक्षणाचा मोठा भार कुटुंबावर व गावावर येतो.

नव्या मूळपेशी देण्यापूर्वी तीव्र औषधांनी रोगट मज्जा नष्ट करतात. तिच्याबरोबर पूर्वीच्या लसींचे संरक्षणही बहुतांशी नाहीसे होते. नवी प्रतिकारशक्ती येण्यास अनेक महिने, कित्येकदा वर्षाहून अधिक काळ लागतो. इतर मुले ज्या कांजिण्यांतून आठवडाभरात उठतात, त्याच या बालकाच्या जिवावर बेतू शकतात. शरीरात दडून राहिलेले विषाणूही अशा वेळी उचल खातात. म्हणून नेमलेली रक्ततपासणी चुकवू नये. बरे वाटले म्हणून विषाणुरोधक औषध आपल्या मनाने बंद करू नये.

बालकाचे लसीकरण साधारणतः सहा महिने ते एक वर्षानंतर पुन्हा सुरू होते. गोवर व कांजिण्यांच्या जिवंत लसी दोन वर्षांपूर्वी देत नाहीत. पुढेही तज्ज्ञांच्या संमतीनेच देतात. तोवर इतरांनी घेतलेली लस हेच त्याचे कवच होय. भावंडांना गोवराची लस अवश्य द्यावी. घरच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. पोलिओच्या थेंबांतील विषाणू काही आठवडे विष्ठेतून बाहेर पडतो. यास्तव त्या घरातील भावंडांना थेंबांऐवजी इंजेक्शनची लस देण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. गावातील इतर मुलांना थेंब नेहमीप्रमाणे द्यावेत.

शिक्षकांना विशेष विनंती आहे. वर्गात गोवर वा कांजिण्यांचा रुग्ण आढळताच त्याच दिवशी पालकांना निरोप धाडावा. कांजिण्यांचा संसर्ग टाळण्यासाठी प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, शक्यतो चार दिवसांच्या आत द्यावे लागते. निरोप उद्यावर ढकलला, तर त्यातील एक दिवस वाया गेलाच.

आप्तेष्टांनी गर्दी करू नये. सर्दी-खोकला वा ताप असलेल्यांनी भेट पुढे ढकलावी. इतरांनी साबणाने हात धुऊन सोप्यातूनच विचारपूस करावी. घरच्यांनी कोणास थांबविले, तर त्याचा राग मानू नये. बालकास ताप येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी संपर्क साधावा.

ही दक्षता आपण सर्वांनी मिळून घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.