स्वयंपाकघरातील मांडणी

(कोहिनूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



रस्ते, पाणी आणि बियाणे यांविषयी बोलणाऱ्या सरकारी माणसाने आज स्वयंपाकघरातील फळ्यांचा विषय काढावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गृहिणीच्या दिवसाचा मोठा भाग ज्या खोलीत जातो, तेथील सोय आणि सुरक्षितता हा लहान प्रश्न नव्हे.

पूर्वी घरोघरी मडक्यांची उतरंड असे. तळचे धान्य हवे असेल तर वरची सारी मडकी उतरवावी लागत. पुढे डबे आले आणि भिंतीत कोनाडे कोरण्याची किंवा शहाबादी फरशी बसविण्याची रीत पडली. ही फरशी कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची. टिकाऊ आणि धुण्यास सोपी असल्याने पक्क्या भिंतीत ती उत्तम शोभते. दगड-मातीच्या जुन्या भिंतीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाचे धक्के आपल्याकडेही जाणवले. तेथे हजारो माणसे झोपेत दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदे अंगावर कोसळल्यामुळे. अशा भिंतीला आत व बाहेर दगडांचे दोन थर असतात आणि मध्ये माती व चिपा भरलेल्या असतात. तीत नव्याने कोनाडा कोरला की आतल्या थराची पकड सैल होते. चार फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फरशीचे वजन सुमारे २५ किलो भरते. त्यावर डब्यांचा भार येतो. अशी फरशी निसटली तर खाली चुलीपाशी कोण बसलेले असते, हे सांगावयास नको.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, भिंत पोखरू नका. आपल्या पायांवर उभी राहणारी लाकडी मांडणी करा. वाळलेले बाभळीचे लाकूड किंवा जुन्या दाराच्या फळ्या पुरतात. उंची पाच फूट, रुंदी तीन फूट व खोली एक फूट ठेवावी. दोन इंची चार खांब आणि चार फळ्या लागतात. सर्वांत खालची फळी जमिनीपासून आठ इंच उंच असावी, म्हणजे खालून झाडता येते आणि उंदीर लपत नाहीत. पाठीमागे दोन तिरप्या पट्ट्या फुलीसारख्या ठोकाव्यात. त्यांवाचून चौकट डुलू लागते. फळीच्या पुढच्या कडेला एक इंच उंचीची पट्टी लावली की डबा घसरत नाही. तूर-ज्वारीचे जड डबे खाली व हलकी भांडी वर ठेवावीत. मांडणीचे वरचे टोक घराच्या लाकडी खांबाला तारेने आवळून बांधावे. मातीच्या भिंतीतील खिळ्यावर विसंबू नये. पायांखाली मात्र शहाबादी फरशीचे तुकडे जरूर घालावेत. त्यामुळे ओल लागत नाही आणि वाळवी चढू लागली तर लगेच नजरेस पडते.

आणखी एक विनंती. पिकावरील फवारणीचे औषध या मांडणीवर, अगदी वरच्या फळीवरही, ठेवू नये. त्याची जागा घराबाहेर, कुलपात आहे. त्याचा रिकामा डबा धुऊनही धान्यासाठी वापरू नये.

शिक्षक बंधूंनी कार्यानुभवाच्या तासाला अशी एक लहान मांडणी मुलांकडून करून घ्यावी. तिरपी पट्टी लावण्यापूर्वी व नंतर ती हलवून पाहिली, तर मुलांना जे समजेल ते फळ्यावर लिहून समजणार नाही. अधिकारी मित्रांनी घरकुलाचा नकाशा समजावून देताना मांडणी कोठे राहील हे घरातील स्त्रीला विचारावे. भिंती उभ्या राहिल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

एका सुताराच्या दोन दिवसांच्या कामात ही वस्तू तयार होते. ज्या हातांनी घर चालते त्या हातांना ती विसावा देईल आणि ज्या भिंतीच्या आधाराने आपण झोपतो ती भिंत शाबूत राहील. आज घरी गेल्यावर आपल्या स्वयंपाकघराची भिंत एकदा नीट पाहा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.