कट्ट्यावरचा निवाडा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हा व्याख्यान म्हणजे समाजाला चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकविणे अशी कल्पना होती. आमच्या आजच्या विषयाचे नाव ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणून आहोत. आम्ही आज गप्पांविषयी बोलणार आहोत. आणि त्याही तत्त्वचर्चेच्या नव्हेत, तर गाण्याचे शौकीन आणि खेळाचे शौकीन चहाच्या टपरीवर, पानाच्या ठेल्याशी, घराच्या ओट्यावर ज्या मारतात त्या. ज्या गोष्टीत माणसे रोज दोन-दोन तास खर्च करतात, तिला उद्योग म्हणायचे की निरुद्योग, हे एकदा पाहावयास नको का?

येथे जवळच, उस्मानपुऱ्यात, संत एकनाथ रंगमंदिर आहे. तेथील कार्यक्रमाचे मध्यंतर होते तेव्हा आतल्यापेक्षा बाहेर अधिक ऐकण्यासारखे असते असे आमचे मत आहे. कोणी म्हणतो, "काका, आज आवाज लागला नाही बुवा." काका म्हणतात, "अरे, आवाज लागला होता. तुझे कान लागले नव्हते." तिसरा पुढे येऊन विचारतो, "ते राहू द्या, स्कोअर काय झाला?" आणि ज्या तोंडाने आत्ता मारव्याच्या कोमल ऋषभाची चर्चा चालली होती, त्याच तोंडाने डावखुऱ्या गोलंदाजाच्या चेंडूची चर्चा सुरू होते. मौज अशी की, विषय बदलला तरी बोलण्याची तऱ्हा बदलत नाही. दोन्हीकडे घराणी आहेत, दोन्हीकडे दैवते आहेत, आणि "पूर्वीची मजा आता नाही" हे पालुपद तर दोन्हीकडे ठरलेले.

या गप्पांची भाषा पाहा. गाण्याच्या बैठकीत आपण 'दाद' देतो, 'वाहवा' म्हणतो. हे शब्द उर्दू-फारसीचे, आणि आपल्या गावाला तर ते अगदी घरचे. कुस्तीची भाषा आपल्या मातीतली: ढाक, कलाजंग, धोबीपछाड. क्रिकेटची भाषा इंग्रजी. पण बाळ ज. पंडितांसारख्यांचे मराठी समालोचन आकाशवाणीवरून ऐकून चौकार, षटकार, यष्टिरक्षक हे शब्द ज्यांनी कधी बॅट हाती धरली नाही त्यांच्याही तोंडी बसले. मग हे शब्द मैदान आणि बैठक सोडून संसारात शिरले. निवडणुकीत धोबीपछाड होते, परीक्षक गुगली टाकतो, आणि नवरा-बायकोचे भांडण शेवटी समेवर येते. ही देवघेव कोशकारांनी केली नाही. ती कट्ट्यावर झाली.

आणखी एक भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो. मुशायऱ्यात 'मुकर्रर' म्हणता येते, संगीत नाटकात 'वन्स मोअर' घेता येतो. खेळात ती सोय नाही. त्रिफळा उडालेल्या फलंदाजाला "पुन्हा एकदा" असे म्हणता येत नाही. तेव्हा खेळातला वन्स मोअर पाहणाऱ्याला सांगण्यातूनच मिळवावा लागतो. आता चित्रफिती आहेत हे खरे. पण चित्रफीत चेंडू दाखविते, त्या चेंडूच्या वेळी शेजारच्याने आपले मनगट कसे घट्ट धरले होते ते दाखवीत नाही.

एवढे सांगून आम्ही मूळ मुद्द्याकडे वळतो. आमचे म्हणणे असे की, कट्टा हे एक न्यायालय आहे. तेथे वकील नाही, लेखनिक नाही, अपील नाही. आणि तरी त्याचे निवाडे पुस्तकांतल्या निवाड्यांहून अधिक टिकतात. म्हणून ते निवाडे कसे होतात, हा करमणुकीचा प्रश्न नव्हे. त्यात माणसांची नावे तरतात आणि बुडतातही.

एक जुना खटला घेऊ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रात दोन पक्ष होते. राजकारणातले जहाल-मवाळ आम्ही म्हणत नाही. बालगंधर्वांचा आणि केशवराव भोसल्यांचा. एकीकडे गंधर्व नाटक मंडळी, एकीकडे ललितकलादर्श. एका आवाजात मार्दव, दुसऱ्यात तेज. घराघरांत यावरून तंटे होत. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करावयाचा होता. तेव्हा या दोघांनी एकत्र येऊन खाडिलकरांचे 'मानापमान' करावयाचे ठरविले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत हा 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन्ही पक्षांचे लोक एकाच छताखाली बसले ते नाटक पाहण्यापेक्षा कुस्ती पाहण्याच्या तयारीने, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि झाले काय? दोघेही असे रंगले की कोणी कोणाला चीत केले हे सांगता येईना. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय अवघे एकतीस. बालगंधर्व पुढे १९६७ पर्यंत होते. म्हणजे एक पक्षकार तीन महिन्यांत नाहीसा झाला आणि खटला मात्र चालू राहिला. शंभर वर्षे उलटून गेली तरी जुन्या नाट्यरसिकांच्या घरी त्या रात्रीची गोष्ट आजोबांनी नातवाला सांगितलेली सापडते. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण कोठून असणार? तो प्रयोग जिवंत राहिला तो भांडणामुळे. भांडणारे होते म्हणून साक्षी होते.

क्रिकेटकडे या. १९४३च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली, हिंदू संघ आणि 'रेस्ट' यांची. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत वाईटच होती. गांधीजींनी १९४० साली तिला स्पष्ट विरोध केला होता, आणि पुढे १९४६ नंतर ती बंद पडली. पण त्या सामन्याची गंमत पाहा. त्या हंगामात आधीच्या सामन्यात हजाऱ्यांनी २४८ धावा करून विजय मर्चंटांचा स्पर्धेतला उच्चांक मोडला होता. अंतिम सामन्यात मर्चंटांनी नाबाद २५० करून तो परत घेतला. मग रेस्टचा डाव कोसळत असता सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. पण जिंकले कोण हे आज कोणाला सांगावे लागते, आणि 'मर्चंट की हजारे' हा वाद मात्र आपोआप आठवतो. संघ धर्माने पाडले होते, वाद बॅटीने पाडला. कट्ट्याच्या पदरी टाकावयाच्या पुण्यात आम्ही हे पहिले धरतो.

पण कट्ट्याच्या पदरी पापही आहे, आणि ते सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही.

विनू मांकड हे जामनगरचे. आपल्या देशाने पहिली कसोटी जिंकली ती फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला, आणि त्या सामन्यात या माणसाने एका डावात ५५ धावांत आठ आणि सामन्यात बारा गडी घेतले. त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय दोन डावांत मिळून ९७ षटके टाकली. १९५६च्या जानेवारीत मद्रासला पंकज रॉय यांच्याबरोबर त्यांनी सलामीला ४१३ धावांची भागी केली. तो विक्रम बावन्न वर्षे टिकला. आता विचारा एखाद्या तरुण क्रिकेटवेड्याला, मांकड म्हणजे काय? तो उत्तर देईल, गोलंदाजाने पलीकडच्या टोकाच्या फलंदाजाला चेंडू न टाकताच धावबाद करणे! माणसाचे नाव गेले आणि क्रियापद उरले.

हकीकत अशी. डिसेंबर १९४७मध्ये सिडनीच्या कसोटीत बिल ब्राऊन चेंडू सुटण्यापूर्वीच क्रीज सोडून पुढे जाऊ लागले, म्हणून मांकडांनी त्यांना धावबाद केले. त्यापूर्वी याच दौऱ्यातल्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊन यांना आधी बजावले होते आणि मगच बाद केले होते. नियम त्यांच्या बाजूने होता. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मांकडांचाच पक्ष घेतला. ज्याचा फलंदाज बाद झाला तो कर्णधार म्हणतो दोष नाही; पण वृत्तपत्रांनी ओरड केली, ती तिकडच्या कट्ट्यांनी उचलली, तिकडून ती इकडे आली, आणि आपल्याही कट्ट्यांनी तो शब्द जसाच्या तसा घेतला. पुढे सुनील गावसकरांनी या शब्दाला हरकत घेतली; नाव द्यावयाचेच तर पुढे पळणाऱ्या ब्राऊन यांचे द्या, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एम. सी. सी.ने ऑक्टोबर २०२२पासून हा प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावबाद'च्या कलमात घातला. म्हणजे पाऊणशे वर्षांनी आरोपी सुटला. आरोपी १९७८ सालीच वारला होता.

चूक कोठे झाली? आम्हांला वाटते, निवाडा करणाऱ्यांनी सामना पाहिला नव्हता आणि पाहणाऱ्यांना विचारले नव्हते. कोणी म्हटले होते ते दुसऱ्याने म्हटले, एवढेच. कट्ट्यावर जोरात बोलणे हा गुन्हा नव्हे. ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगणे हा आहे. संयुक्त मानापमानाचे भांडखोर निदान त्या रात्री आत बसले होते!

गाण्याच्या प्रांतात हे पथ्य अधिक पाळले गेले असे आम्ही भीत भीत म्हणतो. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित होऊन आपल्यापर्यंत आलेला नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्या आहेत. पण तासाभराचा राग तीन-साडेतीन मिनिटांत कितीसा मावणार? 'केसरबाई की मोगूबाई' यावर मुंबईच्या रसिकांनी वर्षानुवर्षे वाद घातला. वाद घालणारे बैठकीला बैठक ऐकत, आणि दुसऱ्या दिवशी तान न् तान पुन्हा आठवून हुज्जत घालीत. अशाच ऐकणाऱ्यांपैकी एक वामनराव देशपांडे. व्यवसायाने हिशेबतपासनीस, आणि मोगूबाईंचे शिष्य. १९६१ साली त्यांचे 'घरंदाज गायकी' हे पुस्तक आले. घराणी एकमेकांपासून कशी वेगळी आहेत, कोणाचा ओढा स्वराकडे, कोणाचा लयीकडे, याचा असा चोख हिशेब मराठीत क्वचितच मांडला गेला असेल. पुस्तक वाचताना आम्हांला तर पानापानाआड जुन्या बैठका आणि त्यांनंतरच्या रात्री ऐकू येतात. अंक तपासण्याची सवय असलेला माणूस गप्पांत बसला की असे होते.

दोन्ही शौकांची गाठ पडल्याचे एक उदाहरण ओझरते सांगतो. २५ जून १९८३ रोजी भारताने विश्वचषक जिंकला. नियामक मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. खेळाडूंना बक्षीस द्यावे तर तिजोरीत पैसा नाही. त्यांनी लता मंगेशकरांना गळ घातली. लताबाई क्रिकेटच्या पक्क्या शौकीन. त्यांनी दिल्लीत कार्यक्रम केला, मानधन घेतले नाही, आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. आजच्या क्रिकेटची श्रीमंती पाहणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगितली तर ती थट्टा समजतात.

आता आपल्या गावाचे. पहिली 'महाराष्ट्र केसरी' कोठे झाली? १९६१ साली, आपल्या याच गावी, तेव्हाच्या औरंगाबादेत. आणि किताब मिळाला दिनकर दह्यारी यांना. कुस्तीच्या प्रत्येक यादीत ही एक ओळ असते. पण त्या आखाड्यात माती कशी होती, गर्दी कोठवर होती, शेवटची कुस्ती कोणत्या डावावर निकाली निघाली, लोक घरी जाताना काय बोलत होते, हे त्या ओळीत नाही. त्या वर्षी जो पंधरा वर्षांचा पोरगा वडिलांचा हात सोडून पुढे घुसला असेल, तो आज ऐंशीच्या घरात आहे. तो कोठल्या तरी ओट्यावर बसलेला असतो, आणि त्याच्या शेजारचे हातातल्या फोनवर दुसऱ्याच देशातला सामना पाहत असतात. त्याला कोणी विचारीत नाही, म्हणून तोही बोलत नाही.

आमचा वेळ संपत आला आहे. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले ते आमच्या लक्षात आले. तेव्हा एक विनंती करून आम्ही बसतो. ती कुस्ती डोळ्यांनी पाहिलेले कोणी गृहस्थ आज या श्रोत्यांत असतील, तर त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे. बाहेर चहाची सोय आहे. कोणत्या डावावर निकाल लागला यावर आमच्या दोन स्नेह्यांचे गेली कित्येक वर्षे पटत नाही, आणि दोघेही तेव्हा जन्मले नव्हते.