काच धुण्याचा पंप



आता गावोगावी जीप, पिकअप आल्या. उसाच्या मोसमात रस्त्यावर धूळ उडते. मावळतीचा सूर्य समोर आला, की धुळकट काचेतून काहीच दिसत नाही. पुढचा सायकलवाला दिसला नाही, तर त्याचा जीव जाईल. म्हणून काचेवर पाणी मारणारा पंप चालू हवा.

पाणी उडत नाही? आधी टाकीत पाणी आहे का बघा. मग बटण दाबा आणि कान द्या. पंपाचा आवाज येतो? मग भोक बुजले असेल, किंवा नळी निसटली असेल. भोक सुईनं मोकळं करा. आवाजच नाही? मग फ्यूज तपासा. फ्यूज चांगला आहे, वायरीत करंट आहे, तरी पंप मुका. तर तो बदलावा.

हे काम घरी होते. गाडी बंद करा. बॅटरीची उणे तार सोडा. पंप टाकीच्या बुडाशी रबरात बसवलेला असतो. खाली बादली ठेवा. वायर व नळी काढा. पंप हळूच ओढा. तो दुकानात दाखवून तसाच नवा आणा. रबर फाटले असेल, तर तेही घ्या. रबर ओले करून पंप दाबून बसवा. नळी, वायर जोडा. पाणी भरा. गळत नाही ना, ते बघा. मग बॅटरीची तार जोडा.

टाकी चाकामागे लपली असेल, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. मिस्त्रीकडे जा.

टाकीत पाणी गाळून घाला. रिकाम्या टाकीवर पंप चालवू नका; तो जळतो.

गाडी काढण्याआधी काच बघा. रस्त्यावर आपलीच माणसं चालतात.