निळा पडदा : दोष शोधण्याची रीत



दिनांक १९ जुलै २०२४ रोजी अंधेरीनजीकच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर प्रवाशांच्या रांगा लागल्या. काही विमान कंपन्यांची संगणक-व्यवस्था विस्कळीत झाल्यामुळे प्रवाशांची नोंद हाताने करण्याची पाळी कर्मचाऱ्यांवर आली. त्या दिवशी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता.

याचे मूळ अगदी लहान होते. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीसाठी एक अपडेट पाठविण्यात आले. त्यात २१ घटकांची अपेक्षा होती, प्रत्यक्षात २० च पुरविले गेले. एकविसावा घटक शोधताना ती प्रणाली स्मृतीच्या नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर गेली आणि विंडोजने सर्व काम थांबविले. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतले. तथापि सदोष फाइल यंत्रात शिल्लक होती. यंत्र सुरू होताच ती पुन्हा वाचली जाई व यंत्र पुन्हा बंद पडे. अनेक ठिकाणी तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल काढावी लागली.

ही प्रणाली मोठ्या संस्थांत वापरली जाते. त्यामुळे घरगुती संगणक बहुतांशी बचावले. परंतु बोरिवली वा मुलुंडच्या एखाद्या घरात, किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, संगणक वारंवार निळा पडतो तेव्हाही न्याय तोच लागू होतो. निळा पडदा हा स्वतः रोग नव्हे. आतल्या थरात गंभीर चूक आढळल्यावर, माहितीची अधिक हानी होऊ नये म्हणून यंत्राने घेतलेला तो थांबा होय. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये या पडद्याचा रंग काळा करण्यात आला. अर्थ मात्र बदललेला नाही.

अशा वेळी पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, तर जतनाचे. यंत्र थोडा वेळ जरी चालत असेल, तरी महत्त्वाचे कागदपत्र व छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. त्यानंतर पडद्यावरील संकेत-शब्द, वेळ व त्या क्षणी चाललेले काम वहीत टिपावे. तीन-चार नोंदी झाल्या की दोषाचे स्वरूप बरेचसे उघड होते.

दुसरा प्रश्न असा : बिघाडापूर्वी नवे काय झाले? नवा प्रिंटर जोडला, ड्रायव्हर बदलला, की अपडेट आले? संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावा. तेथे केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरच चालतात. तेथे यंत्र स्थिर राहिल्यास संशय नव्या ड्रायव्हरवर किंवा प्रणालीवर घ्यावा व ती काढून पाहावी. तेथेही यंत्र बंद पडत असेल, तर यंत्रसामग्री तपासावी. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक हे साधन रॅमची चाचणी घेते. उपनगरांतील धूळ व पावसाळ्यातील दमट हवा यांचाही विचार करावा. पंख्यात धूळ साचली की यंत्र तापते. रॅम खाचेत नीट बसलेली नसली की संपर्क तुटतो. पेटी उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी. लॅपटॉप मात्र जाणत्याकडेच द्यावा.

एका वेळी एकच बदल करावा, हा यातील मुख्य नियम. चार गोष्टी एकदम बदलल्यास यंत्र कदाचित सुरू होईल. परंतु दोष कोठे होता, हे कळणार नाही आणि तो परत आल्यास पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागेल.

एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. खऱ्या निळ्या पडद्यावर दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. क्रमांक देऊन पैसे अथवा यंत्राचा ताबा मागणारा पडदा ही फसवणूक समजावी. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

शाळा व पंचायत कार्यालयांनी प्रत्येक संगणकाशेजारी एक साधी नोंदवही ठेवल्यास तंत्रज्ञाचा वेळ व संस्थेचा खर्च वाचेल. विद्यार्थ्यांचे निकाल व गावाचे दप्तर एकाच डिस्कच्या भरवशावर ठेवण्याचा धोका कोणत्याही कार्यालयाने पत्करू नये.